इंदूरहून ग्रीसच्या शांत बेटांवर, शिडाच्या बोटीनं: पहिल्यांदा निघणाऱ्या जोडप्यांसाठी

हे लिहितेय ते आपल्या इंदूर-देवास-उज्जैनकडच्या अशा जोडप्यांसाठी ज्यांना शिडाच्या बोटीतून आठवडाभर बेटाबेटांवरून रमतगमत फिरायचंय, पण आजवर बोटीशी संबंध आलाय तो फक्त भोपाळच्या बोट क्लबवर नाहीतर हनुवंतियाला. ओळखीतल्या बऱ्याच जणांनी तेच तेच प्रश्न विचारले, म्हणून म्हटलं एकदा सगळं सविस्तर टाइप करूनच ठेवू. जागा मी एकच धरतेय, ग्रीसच्या पश्चिमेचा आयोनियन समुद्र, लेफकाडा बेटापासून खाली दक्षिणेकडे, कारण नवख्यांना झेपेल अशी आणि तरी इतकी देखणी जागा मला दुसरी माहीत नाही. आणि मुख्य गोष्ट आधीच सांगते, अंतर कमी कापा. दिवसाला दहा-बारा सागरी मैल, फार तर पंधरा (एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किमी), आणि मध्ये एखादा दिवस बोट अजिबात हलवायचीच नाही. नकाशा बघून हावरटपणा सुटतो, हेही बेट बघू तेही बघू होतं, आणि मग दोघं रोज थकून एकमेकांवर चिडचिड करत बसतात.

आयोनियनच का

ग्रीस म्हटलं की लोक सँटोरिनी-मिकोनोसचा विचार करतात, पण तो एजियन समुद्र, तिथं जुलै-ऑगस्टमध्ये मेल्टेमी नावाचा उत्तरेचा वारा दिवसच्या दिवस जोरात वाहतो, शिकाऊ माणसाचं ते काम नाही. आयोनियनला वाऱ्याचा दिनक्रम ठरलेला असतो. उन्हाळ्यात सकाळी समुद्र शांत, दुपारी बाराच्या पुढे वायव्येकडून वारा सुरू होतो, त्याला तिथं माइस्त्रो म्हणतात, तीन-चारनंतर तो जोरात असतो आणि सूर्य मावळला की बहुतेक वेळा पडतो. शिवाय लेफकाडा, मेगानिसी, कालामोस, कास्तोस, इथाका, केफालोनिया ही बेटं इतकी जवळजवळ आहेत की एकावरून दुसरं दिसतं, म्हणजे जमीन नजरेआड होत नाही. भरती-ओहोटीचं टेंशन नाही, भूमध्य समुद्रात पाण्याची पातळी जेमतेम काही सेंटीमीटर वरखाली होते, आपल्या खंभातच्या आखातासारखा मीटरांचा हिशोब नाही.

केव्हा जायचं? जून किंवा सप्टेंबर. जूनमध्ये दिवस मोठा, गर्दी कमी, पाणी मात्र जरा गार. सप्टेंबरमध्ये पाणी छान कोमट झालेलं असतं, मला तोच जास्त आवडतो, फक्त महिना संपता संपता हवामानावर लक्ष ठेवायचं कारण २०२० च्या सप्टेंबरमध्ये इआनोस नावाचं वादळ केफालोनिया आणि इथाकावर आदळलं होतं आणि बऱ्याच बोटी बुडाल्या होत्या. जुलै-ऑगस्ट सरळ सोडा. शाळेच्या सुट्ट्यांमुळे बंदरं भरतात, भाडी वाढतात, आणि आपल्याला हवी ती शांतता मिळत नाही.

निघायच्या आधी इथं काय करायचं

पहिलं काम पोहणं. दोघांनाही आलं पाहिजे, एकाला येतं म्हणून दुसऱ्यानं सोडून द्यायचं नाही. स्पर्धेसारखं नको, पण खोल पाण्यात पाय टेकत नसताना दहा मिनिटं न घाबरता तरंगता आलं पाहिजे. इंदुरात पूल भरपूर आहेत, चार-पाच महिने आधी सुरू करा.

दुसरं, एकदा तरी खऱ्या शिडाच्या बोटीत बसा. आपल्यापासून भोपाळ १९० किमीच्या आसपास, आणि तिथला बडा तालाब, जो राजा भोजानं अकराव्या शतकात बांधवला असं मानतात, तिथं सेलिंग शिकवतात. राज्याच्या वॉटर स्पोर्ट्स अकादमीची मुलं तिथंच सराव करतात. छोट्या डिंगीत बसलं की वारा कुठून येतोय, शीड ढिलं सोडलं की काय होतं, सुकाणू कुठं ढकललं की बोट कुठं वळते हे हाताला कळतं, नुसते व्हिडिओ बघून ते कळत नाही. वेळ असेल तर थंडीत मुंबईला गेटवेच्या बाजूनं मोठ्या बोटीवर एखादा दिवस काढा, तिथं लाटा काय असतात ते समजेल आणि बोट लागते का नाही तेही समजेल.

तिसरं, गाठी. फक्त तीन. बोलाईन (न सरकणारा फास), क्लीटवर (दोर अडकवायचा खुंटा) दोर बांधायची पद्धत, आणि कठड्याला फेंडर (बोट धक्क्यावर घासू नये म्हणून बाहेरून लटकवायची हवेची उशी) बांधायची क्लोव्ह हिच. दहा फूट दोरी आणा आणि गॅलरीच्या रेलिंगवर रोज संध्याकाळी चहा झाल्यावर दोघांनी बांधत बसा, डोळे मिटून जमायला लागली की झालं.

स्किपर घ्यायचा का

स्किपर म्हणजे बोट चालवणारा कप्तान, पहिल्या वेळी घ्या. ग्रीसमध्ये स्वतः बोट न्यायची तर एकाकडे मान्य असलेलं सेलिंगचं सर्टिफिकेट लागतं आणि दुसऱ्यालाही बोट हाताळायचा अनुभव असावा लागतो, त्याचं लेखी द्यावं लागतं. कुठलं सर्टिफिकेट चालेल ते बुकिंगआधीच बोट भाड्यानं देणाऱ्या कंपनीला स्कॅन पाठवून ईमेलवर पक्कं करून घ्या, तोंडी होकारावर विसंबू नका. सर्टिफिकेट नसेल तर प्रश्नच मिटला, स्किपर लागणारच. आता लोकांना वाटतं की दोघांच्या ट्रिपमध्ये तिसरा माणूस कशाला. पण चांगला स्किपर दिवसभर शिकवतो आणि संध्याकाळी बोट बांधून झाली की गावात आपल्या मित्रांकडे निघून जातो. त्याला वेगळी केबिन द्यावी लागते आणि जेवणही आपल्याकडे असतं, म्हणून बोट निवडताना किमान दोन केबिनची, जमलं तर तीनची घ्या, ३४ ते ३८ फुटांची. याहून मोठी दोघांना हाताळायला जड जाते. बुक करतानाच लिहून कळवा की आम्हाला शिकायचंय, नाहीतर काही स्किपर सगळं स्वतःच करून मोकळे होतात आणि तुम्ही सात दिवस प्रवाशासारखे बसून राहता.

कागदपत्रं थोडक्यात. शेंगेन व्हिसा लागतो, मोठ्यांची फी २०२४ च्या जूनपासून ९० युरो आहे, सर्व्हिस चार्ज वेगळा. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, किमान तीस हजार युरोचं मेडिकल कव्हर असलेला इन्शुरन्स जोडावा लागतो. राहण्याच्या पुराव्यात बोटीचं कॉन्ट्रॅक्ट लावा, त्यावर दोघांची नावं पासपोर्टवर आहेत तशीच हवीत, आणि बोटीच्या आधीच्या-नंतरच्या रात्रींचं हॉटेल बुकिंगही लावा. इन्शुरन्समध्ये सेलिंग कव्हर आहे का ते विचारून घ्या, पुष्कळ पॉलिसींमध्ये पाण्यावरचे खेळ वगळलेले असतात.

पोचायचं कसं? इंदूरहून दिल्ली किंवा मुंबई, तिथून अथेन्स. अथेन्सच्या किफिसोस बस स्थानकावरून लेफकाडाला थेट बस मिळते, साधारण पाच-सहा तास. लेफकाडा बेट असलं तरी रस्त्यानं जोडलेलं आहे, फेरी लागत नाही. जवळचा विमानतळ प्रेवेझाचा, अथेन्सहून तिथं फ्लाईट जुळली तर बसही वाचते.

सामान

कडक सुटकेस अजिबात नको, बोटीवर ती ठेवायला जागाच नसते. घडी होणारी कापडी बॅग घ्या, माणशी एक. पांढऱ्या किंवा डाग न पाडणाऱ्या तळव्याचे बूट, दोरीनं बांधता येईल अशी टोपी, पूर्ण बाह्यांचे सुती शर्ट, रात्रीसाठी एक जाडसर जॅकेट कारण पाण्यावर सूर्य गेला की गारवा येतो. दोर ओढायला ग्लोव्हज, हेडलॅम्प, पॉवर बँक.

खाण्याचं सांगते कारण इथं आपले लोक चुकतात. बाहेरून येणाऱ्या प्रवाशांना युरोपात दूध-दुभत्याचे आणि मांसाचे पदार्थ आणता येत नाहीत, म्हणजे साजूक तूप, पेढे, मावाबाटी, तुपातले लाडू सगळं घरीच ठेवा. ताजी कोथिंबीर, मिरची, कढीपत्ता पण नाही. सेव मात्र खुशाल न्या, आणि पोहे, जिरावण, हळद-तिखट, मोहरी, शेंगदाणे. बोटीवर दोन बर्नरची शेगडी असते, सकाळी खाडीत नांगर टाकलेल्या बोटीवर जिरावण भुरभुरलेले गरम पोहे खाणं हे सुख ज्यानं त्यानं घेतलंच पाहिजे. फक्त शेगडीचं काम झालं की गॅस सिलिंडरपाशी बंद करायचा, नुसता शेगडीचा कॉक नाही, गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर बोटीच्या तळाशी साचतो.

बोट ताब्यात घेताना

बोटी शनिवार ते शनिवार मिळतात, संध्याकाळी पाचच्या सुमाराला. कंपनीचा माणूस भराभर सगळं दाखवतो आणि आपण मान डोलवतो, तसं करू नका. मोबाइलवर त्याचं सगळं बोलणं रेकॉर्ड करा. लाइफजॅकेट त्याच्यासमोरच घालून बघा. इंजिन स्वतः चालू करा, गिअर न्यूट्रलला आहे ना ते बघून, आणि चालू झाल्या झाल्या मागच्या एक्झॉस्टमधून पाणी फुसफुसत बाहेर पडतंय का ते वाकून बघा, ते पडत नसेल तर इंजिन थंड होत नाहीये, लगेच बंद. टॉयलेटचा पंप कसा मारायचा ते दोघांनी करून बघा आणि त्यात कागद कधीच टाकायचा नाही, चोंदला तर आठवड्याचा विचका होतो. पाण्याची टाकी किती लिटरची ते विचारा, या आकाराच्या बोटीत दोन-तीनशे लिटर असतं, भांडी समुद्राच्या पाण्यानं विसळून शेवटी गोड्या पाण्यानं धुतली तर तीन-चार दिवस आरामात जातं. जुने ओरखडे असतील त्यांचे फोटो काढा, डिपॉझिट परत मिळताना कामी येतात.

व्हीएचएफ रेडिओवर (बोटीवरचा बिनतारी संच) चॅनल १६, म्हणजे संकटाच्या हाकेचा, कायम चालू ठेवायचा. ग्रीक कोस्ट गार्डचा फोन १०८, युरोपभर चालणारा ११२. हे दोन्ही नंबर कागदावर लिहून चार्ट टेबलावर चिकटवा.

वारा आणि शीड

रोज सकाळी विंडी या हवामानाच्या ॲपवर आणि ग्रीक हवामान खात्याच्या साइटवर अंदाज बघा, खात्याच्या साइटवर वारा बोफोर्टमध्ये, म्हणजे वाऱ्याच्या जोराच्या आकड्यात देतात. ४ म्हणजे ११ ते १६ नॉट (एक नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल), मजेचा वारा. ५ म्हणजे १७ ते २१, नवख्यांनी शीड आखडून जायचं. ६ दिसला की त्या दिवशी कुठं जायचं नाही, गावात हिंडा.

पहिल्या दिवशी मोठं शीड उघडूच नका. लेफकाडाहून दक्षिणेला जाताना वारा बहुतेक पाठीमागून किंवा तिरका येतो, नुसतं पुढचं शीड उलगडलं तरी बोट चार-पाच नॉटनं छान चालते आणि डोक्यावरून बूम (मोठ्या शिडाखालचा आडवा दांडा) फिरायची भीती नाही. दुसऱ्या दिवसापासून दोन्ही. वाऱ्याच्या तोंडावर साधारण ४५ अंशांपर्यंतच्या पट्ट्यात कुठलीच शिडाची बोट जाऊ शकत नाही, तिकडं जायचं तर नागमोडी जावं लागतं, एवढं डोक्यात बसलं की बाकी हळूहळू जमतं. बोट जास्त कलायला लागली, सुकाणू जड वाटायला लागलं की शीड कमी करायची वेळ झाली. खरं तर मनात पहिल्यांदा विचार आला तेव्हाच करायचं, नंतर वारा वाढला की तेच काम अवघड होतं.

बोट लागत असेल तर ॲव्होमिन वगैरे गोळी डॉक्टरांना विचारून आदल्या रात्री सुरू करा, उलट्या सुरू झाल्यावर घेऊन फायदा नाही. खाली केबिनमध्ये जाऊन पडायचं नाही, वर बसायचं, क्षितिजाकडे बघायचं, आल्याचा तुकडा चघळायचा, आणि सगळ्यात चांगला उपाय म्हणजे ज्याला बोट लागतेय त्याच्याच हातात सुकाणू द्यायचं.

आणि हे फार गंभीरपणे सांगतेय, बोटीवर दोघंच असाल तेव्हा एक पाण्यात पडला तर दुसऱ्यानं एकट्यानं बोट परत आणायची असते. म्हणून पहिल्याच दिवशी स्किपरसमोर फेंडर पाण्यात टाकून तो उचलायचा सराव दोघांनी आळीपाळीनं करा. इंजिन चालू करणं, शीड गुंडाळणं, रेडिओवर मदत मागणं, नांगर टाकणं, यातलं एकही काम "ते याचं खातं" म्हणून सोडायचं नाही. घरात गॅस सिलिंडर कोण बदलतो आणि बँकेचं कोण बघतं ते वाटून घेतलेलं चालतं, पाण्यावर नाही.

नांगर आणि धक्का, खरं शिकायचं ते इथं

खुल्या समुद्रात जोडपी भांडत नाहीत, भांडतात ती बोट बांधताना. ग्रीक बंदरांमध्ये बोट आडवी लावत नाहीत, पाठ धक्क्याकडे करून लावतात, म्हणजे पुढून नांगर टाकायचा आणि मागं मागं जात मागचे दोन दोर धक्क्याला बांधायचे. क्रम असा. लांबच थांबून फेंडर दोन्ही बाजूंना बांधा, मागचे दोर मोकळे करून हाताशी ठेवा. बंदरात एक चक्कर मारून जागा बघा, वारा कुठून येतोय बघा. धक्क्यापासून तीन-चार बोटी मावतील एवढ्या अंतरावर नांगर सोडायचा आणि हळू रिव्हर्स घेताना साखळी मोकळी सुटत राहिली पाहिजे, मध्येच अडवली की बोटीचं तोंड फिरतं. धक्क्यापाशी आलं की ज्या बाजूनं वारा येतोय त्या बाजूचा दोर आधी द्यायचा, मग दुसरा, आणि शेवटी साखळी ओढून ताणून घ्यायची. धक्क्यावर उडी कधीच मारू नका. दोर फेका, कोणी ना कोणी पकडायला उभं असतंच.

इंजिनच्या आवाजात पुढचा आणि मागचा माणूस एकमेकांना ऐकू जात नाही, मग ओरडाआरडा सुरू. त्यापेक्षा हाताच्या चार खुणा आधीच ठरवा, सोड, थांब, पुढे, मागे. आणि सहसा नवरा सुकाणूवर आणि बायको पुढे नांगराशी असं दिसतं, माझं मत आहे की दुसऱ्या दिवसापासून उलटं करून बघा, नांगर बटणावर चालतो, ताकद लागत नाही, आणि दोघांनाही समोरच्याला काय अडचण येते ते कळतं. आमच्या घरात यानं फार फरक पडला.

खाडीत रात्र काढायची तर खोली बघून तिच्या चार-पाचपट साखळी सोडायची, पाच मीटर पाणी असेल तर वीस-पंचवीस मीटर. तळाशी फिकट दिसते ती वाळू, तिथं नांगर रुततो, काळपट दिसतं ते पोसिडोनिया गवत, तिथं रुतत नाही आणि ते गवत जपायलाही हवं. साखळी सोडून झाल्यावर रिव्हर्स देऊन नांगर रुतवा, मग मास्क लावून पाण्यात उतरा आणि डोळ्यांनी बघून या. किनाऱ्यावरच्या दोन खुणा, एक झाड आणि मागचं घर असं काहीतरी, एका रेषेत धरून ठेवा आणि अर्ध्या तासानं बघा की रेष हललीय का. काही खाड्या इतक्या खोल आहेत की मागून एक लांब दोर किनाऱ्यावरच्या खडकाला बांधावा लागतो, मेगानिसीची अबेलिके खाडी तशी आहे.

कुठंही जा, दुपारी दोन-तीनच्या आत पोचा. माइस्त्रो जोरात यायच्या आधी बोट बांधलेली असली की संध्याकाळ आपली.

सात दिवसांचा रस्ता

शनिवारी लेफकाडा गावात किराणा भरायचा आणि बोटीवरच झोपायचं. रविवारी कालव्यातून दक्षिणेला, लाल-हिरव्या खुणांच्या मधूनच चालायचं कारण बाहेर पाणी उथळ आहे. वाटेत स्कॉर्पियोस दिसतं, ग्रीक जहाजसम्राट ओनासिसचं एकेकाळचं खाजगी बेट, १९६८ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्या विधवा जॅकलिन केनेडीशी त्याचं लग्न तिथंच झालं, उतरता येत नाही. रात्री मेगानिसीला, स्पार्टोखोरी गाव टेकडीवर आहे, खाली टॅव्हर्नाच्या (ग्रीक खानावळ) धक्क्यावर बोट लावून तिथंच जेवलं की सहसा लावायचे वेगळे पैसे पडत नाहीत.

सोमवारी कालामोसचं पोर्ट लिओनी. १९५३ च्या भूकंपानंतर लोक हे गाव सोडून गेले, पडकी घरं, ऑलिव्हची झाडं आणि एक जपलेलं चर्च, बाकी काही नाही. दुकान नाही, दिवा नाही. माझ्या मते सगळ्या ट्रिपमधली ही सगळ्यात शांत जागा, पाणी-खाणं भरूनच जा. मंगळवारी शेजारचं कास्तोस, चिमुकलं बंदर, लवकर पोचून जागा धरा आणि बुधवारीही तिथंच राहा, पोहा, वाचा, झोपा. गुरुवारी निर्मनुष्य अटोकोसच्या वन हाऊस बेमध्ये थांबून, खरोखर एकच घर आहे तिथं, मग इथाकाचं किओनी, तोंडाशी पडक्या पवनचक्क्या. शुक्रवारी परत उत्तरेला, म्हणजे वाऱ्याच्या तोंडावर, म्हणून सकाळी सहा-सातलाच निघायचं, वारा उठायच्या आत इंजिनवर निम्मं अंतर संपवायचं. हाच एक लांब दिवस आहे, तो नको असेल तर इथाका गाळून टाका, काही बिघडत नाही. केफालोनियातल्या फिस्कार्डोचं नाव सगळे घेतात, भूकंपातून वाचलेली जुनी व्हेनिशियन घरं आहेतही सुंदर, पण फार गजबज असते, मी पहिल्या ट्रिपमध्ये धरणार नाही.

शाकाहारी असाल तर उपाशी राहत नाही. फावा मागवा, आपल्या घट्ट वरणाचाच भाऊ. टोमॅटोतले मोठे पांढरे बीन्स म्हणजे गिगांतेस, उकडलेला पाला लिंबू पिळून म्हणजे होर्ता, भाजलेल्या भाज्यांचं ब्रिआम. भरलेले टोमॅटो, गेमिस्ता, विचारून घ्या कारण कधी कधी आत खिमा असतो.

परत देताना

शुक्रवारी संध्याकाळपर्यंत बेसला, म्हणजे बोट घेतली त्या बंदरात, यावं लागतं. आधी डिझेल भरून पावती ठेवा, पंपावर रांग असते म्हणून तीनच्या आत पोचा. काही तुटलं-हरवलं असेल, एखादं विंच हँडल (दोर ओढायच्या चाकाचा दांडा) पाण्यात पडलं असेल तर स्वतःहून सांगा, ते भरून घेतात आणि मोकळं होतं. बोटीचा तळ बघायला ते पाणबुड्या पाठवतात, तो झाल्यावर डिपॉझिट सुटतं. शनिवारी सकाळी नऊला बोट सोडायची. त्याच दिवशीची परतीची फ्लाईट घेऊ नका, अथेन्सची बस उशिरा पोचली तर सगळं बोंबलतं, रविवार संध्याकाळची घ्या आणि शनिवारची रात्र अथेन्सला विमानतळाकडे जाणाऱ्या मेट्रोच्या जवळपास काढा.